रागानं उठणारा हात

वरणाची वाटी भिंतीवर आदळली आणि चतुरानं सवयीनं मान खाली घातली. वाटी डाव्या हातानं फेकलेली होती म्हणून नेम चुकला. उजव्या हाताची असती तर कपाळातच बसली असती. तो उजवा हात मात्र तिच्या नवऱ्याच्या, रंगरावाच्या मांडीवर नुसता पडून होता. बोटं आत वळलेली, अंगठा मुठीत दडलेला.

"अळणीच खायचं सांगितलंय डॉक्टरांनी," ती म्हणाली. "बीपी हाय तुम्हाला."

रंगरावानं तिला आईवरून शिवी हासडली. आणि काय ती शिवी, एक अक्षर इकडचं तिकडं नाही! पाणी मागायचं म्हटलं तर तोंडातून 'पापा, पापा' एवढंच यायचं. बायकोचं नाव येत नव्हतं, स्वतःचं गाव येत नव्हतं. शिव्या तेवढ्या शाबूत. महिन्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपीच्या योगिनी मॅडम म्हणाल्या होत्या, पॅरालिसिसमध्ये असं होतं कधीकधी, बाकीचं बोलणं जातं आणि शिव्या राहतात. आता बोला! माणसाचं अर्धं अंग नेलं, आणि नेमकं हे ठेवलं.

चतुरानं भिंत पुसली, खाली सांडलेलं वरण गोळा केलं आणि दुसरी वाटी भरून आणली. मग चमच्यानं भरवायला बसली. करणार काय?

रंगराव लातूरकडचा. चाकणच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरवर होता. लालबुंद लोखंड चिमट्यात धरायचं, घणाखाली फिरवायचं, बाजूला टाकायचं. दिवसभर तेच. त्या कामानं त्याचा उजवा हात असा झाला होता की शर्टाची बाही दंडाला आवळायची. सेकंड शिफ्टला जाताना बसमध्येच तो कोसळला, आणि तळवड्याच्या चाळीत परत आला तो अर्धाच. त्याआधी त्या हातानं चतुराचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पुढचा एक दात पाडला होता, कुकरचं झाकण पाठीत घातलं होतं. भाजी खारट म्हणून, गावाकडचा फोन लवकर उचलला नाही म्हणून, आणि कितीतरी वेळा कशासाठीच नाही.

चाळीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, असं कुणी सांगितलं तर तोंडावर हसावं. पत्र्याची छपरं आणि एका विटेची भिंत. पलीकडं दुर्गाकाकू राहायच्या. इकडं आरडाओरडा सुरू झाला की तिकडं टीव्हीचा आवाज वाढायचा.

आणि झटका आल्यावर? अख्खी चाळ धावून आली हो! कुणी डबा आणला, कुणी महानारायण तेल आणलं, कुणी व्हीलचेअर मिळवली. दुर्गाकाकू तर सकाळ-संध्याकाळ विचारपूस करायच्या. माणसं वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. एवढा जीव लावणारी माणसं भिंतीपलीकडंच होती, मग इतकी वर्षं कुठं होती? चतुराच्या ओठांवर हा प्रश्न यायचा आणि ती तो गिळून टाकायची.

मारुतीच्या देवळामागच्या समाजमंदिरात दर रविवारी पॅरालिसिस झालेल्यांचा मेळावा भरायचा. तो चालवायचे मारुतराव. देहूरोडच्या फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, स्वतःची डावी बाजू लुळी, पण आवाज अजून शॉपफ्लोरवरचा. मेळाव्यात येणाऱ्यानं आठवड्याभरात जमलेलं एक नवं काम सगळ्यांसमोर करून दाखवायचं, हा त्यांचा नियम. कुणी शर्टाचं बटण लावायचं, कुणी पेला उचलायचा. मग सगळे टाळ्या वाजवायचे. निम्म्या लोकांचा एकच हात चालायचा, म्हणून टाळी मांडीवर. थप, थप, थप. नवख्या माणसाला ऐकून भरून यायचं. चतुरालाही पहिल्यांदा आलं होतं.

एका रविवारी मारुतराव रंगरावाला टेबलावरचा पेला धरायला सांगत होते. हात हलेना. रंगरावाला घाम फुटला. चतुरा न राहवून म्हणाली, "काका, दमलेत ते. राहू द्या आज."

चार पुरुषांत बायकोनं तोंड उघडलं! रंगरावाचं डोकंच सणकलं. त्यानं एक सणसणीत शिवी दिली, आणि तिच्याबरोबर तो मांडीवरचा उजवा हात आपोआप वर उठला. कोपरात वाकून, मूठ आवळून, थेट छातीपर्यंत.

"थांबा!" मारुतराव ओरडले. "बघितलं का? हात उठला! राग आला की मशीन स्टार्ट हुतंय!"

मांड्यांवर थपाथप सुरू झाली. सोबत आलेल्या दुर्गाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. चतुरा मागं सरकत भिंतीला टेकली होती, आणि हॉलमधल्या एकालाही ते दिसलं नाही.

"आता औषध सापडलं," मारुतराव तिला म्हणाले. "पोरी, त्याला रोज चिडवायचं. सकाळ-संध्याकाळ. उलट बोलायचं. हात आल्याबिगर ऱ्हात न्हाई बघ."

"मी? उलट बोलू?"

"का, त्येबी शिकवाय पायजे व्हय?"

"आमच्या घरी तर डॉक्टरनं न सांगताच चालतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. चतुराही हसली. तिथं न हसून जाणार कुठं?

लग्न झाल्या दिवसापासून जी बाई एकच विद्या शिकली होती, की ह्या माणसाला राग येऊ द्यायचा नाही, तिला आता सगळ्या गावानं उपचार म्हणून राग आणायला लावलं! पहिल्या दिवशी ती समोर उभी राहिली आणि बराच विचार करून म्हणाली, "तुमचे केस लई वाढलेत." रंगराव बघतच राहिला.

"अगं, जोरात बोल की," दारात उभ्या दुर्गाकाकू म्हणाल्या. "घाबरतेस काय एवढी?"

चतुरानं त्यांच्याकडं पाहिलं. घाबरतेस काय! जे दुर्गाकाकूंवर निघायचं होतं, ते निघालं नवऱ्यावर. "तुमच्या आईनं मला आजारपणात उपाशी ठेवलं, आणि तुमी माझ्यावरच हात टाकला. शरम वाटली का?"

उजवा हात खांद्यापर्यंत गेला. दुर्गाकाकू आनंदानं ओरडल्या. आणि त्याच वेळी रंगरावाच्या डाव्या हातातली काठी चतुराच्या नडगीवर बसली. मेळाव्यातूनच मिळालेली काठी, खाली चार लोखंडी पाय असलेली. कळ मस्तकात गेली.

रोज तेच सुरू झालं. ती बोलायची, हात उठायचा, काठी बसायची. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. पण एक गंमत झाली, तिला बोलायची चटक लागली. इतक्या वर्षांचं साचलेलं भडाभडा बाहेर येऊ लागलं, तेही औषध म्हणून! काठी खाऊनही रात्री तिला गाढ झोप लागू लागली.

रविवारी तिनं मारुतरावांना नडगी दाखवली. "काका, काठीनं मारतात हो."

"मारतोय म्हंजे ताकद यायलीया," मारुतराव म्हणाले. "तू जरा लांब हुभी ऱ्हात जा."

लांब! दहा बाय दहाच्या खोलीत, मधे कॉट टाकलेली, लांब म्हणजे कुठं? त्या दिवशी तिच्या मनात काहीतरी तुटलं ते तुटलंच.

दुपारी ती तेल कोमट करून त्या हाताला चोळायला बसायची. आत वळलेली बोटं एकेक सरळ करायची. ह्या बोटातल्या अंगठीनं ओठ फाटला होता. हा अंगठा गळ्यावर रुतला होता. तो हात बरा व्हावा असं तिला वाटत होतं का? खरं सांगायचं तर नव्हतं वाटत. आपल्याला असं वाटतं ह्याची तिला इतकी भीती वाटायची की ती आणखी जोर लावून चोळायची. हा बरा झाला की आपली खैर नाही, आणि बरा करणारी आपणच. सुटायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

मारुतरावांनी मग मोठा घाट घातला. येत्या रविवारी रंगरावाचा हात डोक्याच्या वर गेलाच पाहिजे. बाहेरचेही लोक बोलावले. त्या दिवशी हॉलमध्ये मोबाइल वर धरले गेले. रंगरावाला नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसवलं होतं, काठी डाव्या हातात. योगिनी मॅडमही आल्या होत्या.

काय चाललंय ते कळल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? काका, हा हात बरा होत नाहीये, रागानं आखडतोय. असा उठलेला हात कामाला येत नाही. आणि बीपी चढून दुसरा झटका आला म्हणजे?"

"मॅडम, तुमी महिन्यातनं एकदा येता," मारुतराव दुखावून म्हणाले. "आमी रोज बघतोय."

"बंद करा हे. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई मॅडम," चतुरा पुढं आली. "बीपीची गोळी दिलीय सकाळी. एवढं एकदा बोलू द्या मला." आणि ती नवऱ्यासमोर, हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. त्या दिवशी ती लांब उभी राहिली नाही.

"ह्या हातानं माझं हे हाड मोडलं," ती म्हणाली. पदर सरकवून तिनं गळ्याखालचा उंचवटा सगळ्यांना दाखवला. "ह्या हातानं माझा दात पाडला. पोटुशी होते तवा ह्याच हातानं मला मोरीत ढकललं, आणि पोर गेलं. मी ओरडत होते. दुर्गाकाकू, तुमी टीव्ही मोठा केला. शेजारच्यांनी दार लावून घेतलं. आणि आता सगळे मिळून हाच हात मागायला लागलाय. मला कुणी विचारलं का, की बाई, तुला हा हात पायजे का?"

रंगरावाचे दात करकरले. उजवा हात उठला. छाती, खांदा, कान. थरथरत, मूठ आवळून, डोक्याच्या वर गेला. मागच्या रांगांना तिचं बोलणं नीट ऐकू गेलं नव्हतं, हात मात्र दिसला. थप, थप, थप. सगळ्यांचे डोळे, सगळे मोबाइल त्या उजव्या हातावर.

मारायला डावा पुरेसा होता. काठीचा लोखंडी पाय चतुराच्या भुवईवर बसला आणि कातडी फाटली. ती गुडघ्यावर आली. दुसरा घाव पाठीत. मागं अजून थपथप चालूच होती. तिसरा घाव खांद्यावर बसला तेव्हा कुठं हॉल गप्प झाला.

काठी पुन्हा उठली. मारुतराव लुळा पाय फरपटत धावले आणि आपल्या एकुलत्या धड हातानं त्यांनी ती धरली. रंगरावानं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. खुर्ची उलटली, दोघं फरशीवर. तरी मारुतरावांनी काठी सोडली नाही. शेवटी दोघाचौघांनी रंगरावाला दाबून धरलं. तो शिव्या देत होता, स्वच्छ, खणखणीत, आणि समाजमंदिरातल्या प्रत्येकाला त्या ऐकू येत होत्या.

योगिनी मॅडमनी ओढणी तिच्या भुवईवर दाबली. चतुराच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. ती रडत नव्हती. तिचा संताप संताप होत होता.

"ह्यांना घरी कोण नेतंय?" तिनं विचारलं. "मी न्हाई नेत. आज न्हाई, उद्या न्हाई. मेळावा तुमचा, माणूस तुमचा. सांभाळा."

मारुतराव फरशीवर बसले होते. मनगटातून रक्त येत होतं. "माझ्याकडं ऱ्हाईल," ते हळू म्हणाले. "चुकलं पोरी माझं." चतुरानं भुवईवरची ओढणी स्वतःच्या हातानं धरली आणि ती दाराकडं चालू लागली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालायला तिला रिक्षातून नेलं. एका बाजूला योगिनी मॅडम, दुसऱ्या बाजूला दुर्गाकाकू. वाटेत दुर्गाकाकू तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "डॉक्टर विचारतील गं. नळावर पाय घसरला म्हणू या का? उगाच पोलिसाचं लचांड नको."

चतुरानं एका उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "मी काहीच म्हणणार न्हाई, काकू. मी लई सांगितलं आज. आता तुमी सांगायचं."

डॉक्टरांनी जखम धुतली, सुईत दोरा ओवला आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

चतुरा छताकडं बघत पडून राहिली. योगिनी मॅडमनी दुर्गाकाकूंकडं पाहिलं. दुर्गाकाकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"नवऱ्यानं मारलंय हिला," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून मारतोय. मी ऐकलंय, डॉक्टर. आमी शेजारीच ऱ्हातो, भिंतीला भिंत लागून."