पूर्ण मात्रा

औषध पहिल्यांदा कोण पिणार, यावरून प्रयोगशाळेत सकाळी सकाळीच आमची नवरा-बायकोची जुंपली. उंदीर वाचले होते, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. समोरच्या इस्पितळात माझी धाकटी बहीण तापानं फणफणली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं होतं, "निरोगी माणसाला पूर्ण मात्रा सोसली, तरच तिला देईन. संध्याकाळपर्यंत सांगा. ती उद्याचा दिवस बघेल याची खात्री नाही."

"मी पितो," नवरा म्हणाला.

"तू? तुझं यकृत आधीच कुरकुरतंय. काही झालं तर दोष औषधाचा की तुझा, कसं कळणार? आजवरची औषधं काय आकाशातून पडली? कुणीतरी आधी घशाखाली घातलीच ना! ओत."

तोंड पाडून तो कपाटाकडे गेला, पाठमोरा उभा राहून त्यानं औषध मोजलं आणि पेला आणून दिला. मी घोट तोंडात घेतला आणि थांबले. वर्षभर हे औषध मीच उकळत, गाळत आले होते. बोटावरचा थेंब जिभेला लागला तरी दिवसभर अन्न गोड लागायचं नाही. आणि हे चक्क तोंडात धरवत होतं! मी बेसिनमध्ये थुंकले.

"पाणी घातलंस?"

नजर चुकवून तो बाटलीला बूच लावायला लागला.

"मूग गिळून काय बसलास? बोल!"

"निम्मं घातलं. तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी ठणठणीत राहिले असते, आणि तिकडे धाकटीला याच्या दुप्पट पाजलं असतं! कुणाच्या भरवशावर? तुझ्या प्रेमाच्या?"

त्याला हे सुचलंच नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण पेला बेसिनमध्ये रिकामा केला, पूर्ण मात्रा स्वतः ओतली आणि एका दमात प्यायले. घेरी आली. दातांवर दात रोवून बसले, पण ओकले नाही.

"आधी नाडी धर," मी म्हटलं. "मग रड."

दुपारभर त्यानं माझं मनगट सोडलं नाही. ऊन उतरलं तशी घेरी गेली आणि मला सपाटून भूक लागली. तसेच आम्ही बाटली घेऊन रस्ता ओलांडून इस्पितळात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि त्याला विचारलं, "पूर्ण मात्रा होती? नक्की?"

"पूर्ण," तो म्हणाला. "आधी मी लबाडी केली होती. हिनं पकडली."

त्यांनी पूर्ण मात्रा मोजून पेला त्याच्या हाती दिला. मग धाकटीची मान उचलून म्हणाल्या, "या. तुम्हीच पाजा."

त्यानं पेला तिच्या ओठांना लावला आणि एक थेंबही सांडू दिला नाही.