कानसेनांची अर्धी मिशी

पैज लागली जिन्यात, आणि लागली अर्ध्या मिशीवर. हरेल त्याने उजवी बाजू सफाचट करायची, डावी ठेवायची, आणि पंधरा दिवस तसंच हिंडायचं.

"अर्धीच का रे?" पेन्शनर आजोबांनी विचारलं.

"पूर्ण काढली तर माणूस उलट बरा दिसतो, आजोबा. मग शिक्षा कसली?" मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचं तळमजल्यावर दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे बिघडेल ते. समोरची पार्टी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे विमा कंपनीतले साहेब. त्यांना सगळी बिल्डिंग कानसेन म्हणायची. चेष्टेने म्हणायची, पण साहेबांना ती पदवी वाटायची. अशा माणसाचं काय करणार?

झालं होतं असं, की साहेबांनी कॉम्प्युटरला जोडायला एक डबा आणला होता. कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांत साठवलेलं असतं, त्या आकड्यांचा आवाज करणारा डबा. हाताच्या पंजाएवढा, किंमत स्कूटरएवढी. त्याला अंगठ्याएवढी जाड वायर, खाली पितळी पाय, पायांखाली काचेच्या चकत्या. आणि डबा आल्यापासून साहेबांना बाकी जगाचा आवाज सहन होईना. त्यांनी कमिटीला अर्ज दिला: खालच्या हॉलमधले मिस्त्रीचे स्पीकर कर्णकर्कश आहेत, भंगारात काढावेत. रविवारी कमिटी सही करणार होती.

ते स्पीकर मिस्त्रीने मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून स्वतः घडवले होते. बारा वर्षं म्हातारी मंडळी रोज सकाळी त्यावर गाणी ऐकत होती. मिस्त्रीने जन्मभर दुसऱ्यांचं तुटलेलं जोडलं. स्वतः घडवलेलं असं जगात तेवढंच होतं.

"तुमच्या खोक्यांत गाण्याचा चोथा होतो, मिस्त्री," साहेब जिन्यात म्हणाले होते. "माझ्याकडे आकडान् आकडा जसाच्या तसा पोचतो. एक इकडचा तिकडे झाला तर या कानांना कळतं."

"तुमच्याकडे जसाच्या तसा पोचत नाही. आणि पोचला काय, न पोचला काय, तुम्हाला कळतही नाही. लावता पैज? हरलो तर मिशीही देतो आणि स्पीकर माझ्या हाताने भंगारात टाकतो. तुम्ही हरलात तर मिशी द्या आणि अर्ज फाडा."

"लावली!"

मग वरात साहेबांच्या खोलीत. आजोबा पंच. दारात वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, पदराने हसू दाबत. साहेबांनी गाणं लावलं, डोळे मिटले, मान अशी डोलवली की जणू गाणं त्यांनीच गायलंय.

मिस्त्रीने खिशातला मोबाइल काढून साहेबांना एक मेल धाडला.

टिंग!

त्याच डब्यातून, त्याच स्पीकरमधून, ऐन आलापाच्या मधोमध. पडद्यावर मेल झळकला: 'नमस्कार.'

"हे टिंग कुठून आलं, साहेब? गायकाने दिलं?"

"मेल येतात... त्यात काय एवढं?"

"त्यातच सगळं आहे. गाणं सरळ डब्यात जात असतं, तर वाटेत दुसरं कोणी घुसूच शकलं नसतं. तुमचा कॉम्प्युटर सगळे आवाज एकाच पातेल्यात ओततो, ढवळतो, आणि मग डब्याला वाढतो. गाणं सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर आकड्यांचं. तुमच्या डब्यावर काय लिहून येतंय? अठ्ठेचाळीस हजार. वरचे आकडे काय तुमच्या सासऱ्याने घातले?"

"माझ्या बाबांना मधे आणू नका हं, भावजी," वहिनी दारातून म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला, पण नाक वरच. "मला पहिल्यापासून काहीतरी खटकतच होतं. एक पडदा असल्यासारखा. हे बंद कसं करायचं?"

"सेटिंगमध्ये एक टिक मारायची असते. डबा फक्त गाण्याच्या ताब्यात द्यायचा, बस. वर्षभरात पितळी पाय घासलेत, टिक नाही मारली." मिस्त्री कॉम्प्युटरपुढे बसला, माऊस टकटकवला. मग रुमाल काढून डब्यावर झळकणाऱ्या आकड्यांवर टाकला. "आता डोळ्यांनी नाही, कानांनी ऐका."

गाणं पुन्हा सुरू झालं. साहेब चौथ्या सेकंदाला विरघळले.

"अहाहा! पडदा उठला! तंबोरा बघा, श्वास बघा! अहो, जमीन-अस्मानाचा फरक! पैज बरोबरीत, मिस्त्री. माझी चूक होती, पण माझा कान—"

टिंग!

पडद्यावर नवा मेल. 'मिशी?'

आजोबांनी रुमाल उचलला. अठ्ठेचाळीस हजार. जसं होतं तसंच.

"टिक मारली, साहेब," मिस्त्री म्हणाला, "पण ओके दाबलंच नाही."

वहिनींनी तोंडावरचा पदर सोडून दिला आणि दोन्ही हातांनी पोट धरलं.

रविवारी सकाळी दहा वाजता अंगणात खुर्ची मांडली. हॉलची खिडकी उघडी होती, आत मिस्त्रीचे स्पीकर गात होते. न्हाव्याने साहेबांच्या गळ्यात टॉवेल अडकवला. गच्चीपासून गेटपर्यंत माणसं उभी.

साहेबांनी आधी अर्ज फाडला. चार तुकडे केले. आजोबा म्हणाले, "आठ करा." आठ केले.

"उजवी म्हणजे त्यांची की माझी?" न्हाव्याने विचारलं.

"त्यांची," मिस्त्री म्हणाला. "आणि सावकाश हं. कान सांभाळा, फार नाजूक आहेत."

वस्तरा फिरला. वहिनी समोर आरसा धरून उभ्या होत्या. हसून हसून आरसा इतका हलत होता, की साहेबांना दोन्ही हातांनी तो धरावा लागला.