बाराव्या जहाजाचा दोर

मी एक जुना लोखंडी खुंटा आहे. बंदराच्या धक्क्यावर अर्धा दगडात गाडलेला, डोक्याने गोल आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, थोडा तिरसट. जहाजांचे दोरखंड माझ्या गळ्यात अडकवतात. मित्रांनो, लोक माझ्यावर बसून बिस्किटे खातात आणि हात माझ्याच अंगाला पुसतात. मग तिरसट नाही होणार तर काय?

भट्टीतून ओतला गेलो तेव्हा मी फार ऐटीत होतो. पुढे कळले की आपले काम एकच, जागचे हलायचे नाही. पण उभ्या उभ्या मला पुष्कळ कळते. दोरातून आणि दगडातून ते अंगात येते: जहाजावर कोण चालते, आचारी भांडी आपटतो का, कोणाच्या बुटाचा खिळा निघाला आहे.

दोर बांधण्याचे काम ताईकडे होते; सगळे बंदर तिला ताईच म्हणे. आधी तिचे वडील ते करायचे. त्यांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एका खुंट्याला दोन जहाजे बांधायची असतील, तर दुसऱ्या दोराचा फास पहिल्या फासातून खालून वर काढायचा आणि मग खुंट्यावर टाकायचा. म्हणजे कोणीही आधी निघाले तरी दुसऱ्याचा खोळंबा होत नाही. आणि दोर सोडण्याआधी खुंट्यावर तळवा ठेवायचा, म्हणजे जहाजावर काय चालले आहे ते हाताला कळते. या दुसऱ्या गोष्टीला नवे लोक हसत. ताई तिकडे लक्ष देत नसे.

मग उंच शिडांच्या जहाजांचा उत्सव आला. दूरदूरच्या बंदरांतून अकरा जहाजे येणार होती. मला काळाभोर रंग दिला. ज्यांनी वर्षानुवर्षे ढुंकून पाहिले नव्हते, ते माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. खोटे कशाला बोलू, मी हरखून गेलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धुके उतरले आणि त्यातून बारावे जहाज आले.

"यादीत नाहीये हे," धक्क्याचा मुकादम म्हणाला. "उशिरा कळवलं असेल. घे बांधून."

ताईने दोर झेलला आणि फास माझ्या गळ्यात टाकला. मला कसेसेच झाले. दोर ताठ होता, पण त्याला जहाजाचे वजनच नव्हते. वर पावले नव्हती, भांडी नव्हती, साधा खोकलासुद्धा नव्हता. इतक्यात यादीतले शिकाऊ खलाशांचे जहाजही माझ्याशीच बांधायला आले. गर्दीत ताईची धांदल उडाली आणि तिने त्याचा फास खालून न काढता सरळ वरून टाकला. माझ्या आठवणीतली तिची ही पहिलीच चूक.

बारावे जहाज पाहायला रांग लागली. रांगेत ताईची धाकटी बहीण होती. ती चालताना टाचा घासायची, म्हणून मी तिला लांबूनही ओळखायचो. तिच्या पुढे तीस माणसे होती आणि मागे तीस. पण मित्रांनो, दगडावर पावले वाजत होती ती एकट्या तिची. सगळे धक्क्यावरून जहाजाला लावलेल्या फळीवरून वर चढले. दोरातूनही मला एकटीचेच चालणे कळले.

थोड्याच वेळात बाराव्या जहाजाच्या दोराला ओढ लागली. कोणाचे हात दिसत नव्हते, तरी खालचा फास निसटू पाहत होता. वरचा फास त्याला अडवत होता. ओढ वाढत गेली आणि माझ्या मानेला तडा गेला.

मुकादम धावत आला. "ताई, वरून टाकलास फास? त्यांना निघायचंय, सोडव आधी."

ताई शरमली. तिने घाईने वरच्या फासाला हात घातला, पण सवयीने आधी तळवा माझ्यावर ठेवला. दोरातून पावले धावत होती. टाचा घासत, इकडून तिकडे, दार न सापडणाऱ्या माणसासारखी.

"थांबा," ताई म्हणाली. "धाकटी आत आहे."

तिने धुक्याकडे तोंड करून बहिणीला हाक मारली. पुन्हा मारली. आणि बहीण आली. फळीवरून सावकाश उतरली.

"मी इथेच आहे, ताई. सोड आता त्यांना."

ताईने तिला दोन्ही हातांनी कवटाळले. "कुठे गेली होतीस गं? जीव घेतला असतास माझा." मग डोळे पुसत तिने वरचा फास उचलला आणि खालचा मोकळा केला. तळवा काही तिने पुन्हा ठेवला नाही.

ठेवला असता, तर दोरातली पावले अजून धावत आहेत हे तिला कळले असते. आणि तिच्या शेजारी दगडावर जी उभी होती, तिचे मला काहीच कळत नव्हते. मला ओरडता येत नाही. तड्याच्या कडेला तो फास मी क्षणभर अडवून धरला. ताईने तो सोडवला.

संध्याकाळी मुकादमाने आलेली जहाजे वहीत मोजली, तर ती अकराच भरली.

याला चार वर्षे झाली. ताई कधीकधी बहिणीला घेऊन येते. बहीण माझ्यावर बसते, पण मला वजन लागत नाही. "हल्ली फार शांत झालीये," ताई लोकांना सांगते आणि सांगताना दुसरीकडे पाहते. ती माझ्यावर हात ठेवत नाही. मला वाटते, तिला भीती वाटते.

तडा गेला म्हणून पुढच्या महिन्यात मला उपटणार आहेत. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, मला रंग नको, फोटोही नको. एवढेच सांगतो की सोडायची घाई करू नका. आपले माणूस मिठीत आले असे वाटले, तरी आणखी क्षणभर हात ठेवून पाहा. धुके पडले की समुद्राकडून ते टाचांचे घासणे अजून माझ्यापर्यंत येते. मी आहे तोवर, ताई, एकदा तळवा ठेव.