काळाकुट्ट पडदा

नवऱ्यानं पडदा आणला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असा तोरा होता, जणू त्यानं तो स्वतःच्या हातांनी विणलाय.

जुन्या लॅपटॉपचा पडदा बिजागरीपाशी तडकला होता. साधा, मंद, पांढऱ्यात जरा पिवळट झाक असलेला पडदा. अगदी तसाच दुसरा मिळत होता. पण त्या लॅपटॉपला वरच्या दर्जाचाही पडदा बसतो असं नवऱ्याला कळलं आणि तो त्यातच बुडाला. रंग किती, ठिपके किती, उजेड किती. लॅपटॉपवर काम करायचं होतं तिला, पण तिला कुणी विचारलं नाही. बायकोला सुखद धक्का द्यायचा असला की तिला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं.

"काळा रंग बघ, कसा काळाकुट्ट!" तो म्हणाला. "काळं दाखवायचं असलं की पडद्याचा तिथला ठिपकाच विझतो."

"छान आहे," ती म्हणाली. पहिल्या दिवशी ते खरंही होतं.

ती मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे तिचं काम. प्रकाशकानं कागदावरची प्रुफं पाठवणं कधीच बंद केलं होतं, त्यामुळे दिवसभर पडद्यावरच अक्षर न् अक्षर चाळायचं. काळं अक्षर नुसतं काळं असलं तरी तिचं भागत होतं.

आठवडा झाला नाही तोच डोकं धरायला लागलं. उजेड टोचतोय असं वाटून तिनं तो कमी केला. दुखणं वाढलं. तिनं आणखी कमी केला. दुखणंही आणखी वाढलं.

"या पडद्यानं मला त्रास होतोय," ती म्हणाली.

"एवढ्या भारी पडद्यानं? अगं, चष्मा दाखवून ये."

चष्मा दाखवला. नंबर तोच होता. मग पाणी कमी पितेस, झोप नीट नाही, मानेचं असेल, वय झालं आता, असं एकेक निघालं. दीर गंमत्या माणूस. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला गरिबीची सवय झालीय. भारी वस्तू अंगाला लागत नाही तुमच्या."

सगळे हसले. तीही हसली. आपलंच दुखणं खोटं पडत असताना आपणच हसायचं, हे बायकांना शिकवावं लागत नाही. ते लहानपणीच शिकवून झालेलं असतं.

मग एका पुस्तकात एक परिच्छेद लागोपाठ दोनदा छापला गेला. तिच्या नजरेखालून गेलेलं पुस्तक! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रकाशकाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "बाई, हल्ली लक्ष कुठे असतं तुमचं? हातातलं पुस्तक तरी नीट होऊ द्या. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

लक्ष तिथंच होतं. डोळे तिथं टिकत नव्हते.

त्या रविवारी दीर आला. मित्राला दाखवायला म्हणून त्यानं मोबाईलवर पडद्याचं चित्रण सुरू केलं आणि मध्येच थांबला. "दादा, तुझ्या पडद्यावर पट्टे पोहतायत रे."

खरंच होतं. नुसत्या डोळ्यांना पडदा स्थिर, पण मोबाईलमध्ये त्यावरून काळे पट्टे सरकत होते. उजेड वाढवला की पट्टे जात, कमी केला की पुन्हा येत. नवऱ्यानं नेटवर शोधाशोध केली आणि उडालाच. "अगं, हा मिटमिटतो! उजेड कमी केला की सारखा उघडझाप करतो. डोळ्यांना कळत नाही, पण काहींचं डोकं धरतं म्हणे. ऐकतेस ना? तुला यानंच होत असणार!"

शोध जणू त्याचाच.

"मग मी चार महिने काय सांगत होते?"

"तू डोकं दुखतंय म्हणत होतीस. हे दिसतंय तरी."

तिनं लॅपटॉप मिटला. भांडायला तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण तिला एक गोष्ट लख्ख कळली. या घरात तिच्या बोलण्यापेक्षा मोबाईलच्या शब्दाला वजन होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं दोन साधे पडदे आळीपाळीनं लॅपटॉपला जोडून दाखवले. नवऱ्यानं उजेड कमी करून दोन्हींसमोर मोबाईल धरला. पट्टे नाहीत.

"दोन्ही स्वच्छ. हा पहिला घेऊ, रंग चांगले आहेत."

"मला वाचू दे," ती म्हणाली. स्टूल ओढून तिनं तपासायला आलेल्या पुस्तकाची फाईल उघडली आणि पहिल्या पडद्यावर वाचायला लागली. मग दुसऱ्यावर. गिऱ्हाईकं येऊन गेली.

"ताई, पडदा घेताय की वाचनालय लावलंय?" दुकानदारानं विचारलं.

"मी दिवसभर हेच करते. चहा प्या तोवर."

शेवटी ती म्हणाली, "दुसरा. पहिल्यानं त्रास होतोय."

नवऱ्यानं पहिल्यासमोर पुन्हा मोबाईल धरला. पुन्हा काही नाही. "अगं, यात काहीच दिसत नाहीये."

"नसेल दिसत."

"मग कशावरून म्हणतेस?"

"माझ्या डोक्यावरून."

दुकानदार खाली बघून हसला. नवऱ्याच्या ओठांवर काहीतरी आलं, बहुतेक मानेचं किंवा पाण्याचं. ती बघत राहिली. आज तिनं हसून त्याची सुटका केली नाही. या वेळी दाखवायला तिच्याकडे काहीही नव्हतं, आणि तिला ते शोधायचंही नव्हतं.

"दुसरा बसवा," तो दुकानदाराला म्हणाला. तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं, पण म्हणाला.

दुकानदारानं स्क्रू काढायला घेतले. दोघं बाकावर शेजारी बसली.

"नेमकं कुठं दुखतं गं?" त्यानं विचारलं.

हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. मग तिनं भुवईच्या वर बोट ठेवलं, ते कानशिलापर्यंत नेलं आणि सांगायला लागली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.