मध्यस्थाचे पाय

"ह्या कुत्र्याच्या वंशात आजवर कुणी कुणाचे पाय चाटले न्हाईत," आबाजीनं बाजेवर मांडी ठोकून जाहीर केलं. "ह्याच्या आजानं लांडग्याचा कान तोडून आणला हुता. तवा सावळाराम, जरा तोलून बोल."

बाजेखाली जमादार उजवा पंजा तोंडात धरून, डोळे अर्धे मिटून, तान्हं पोर अंगठा चोखतं तशा तल्लीनतेनं तो चाटत होता. उजवा झाला की डावा, डावा झाला की पुन्हा उजवा. सकाळपासून त्या अंगणात दुसरं काही घडलंच नव्हतं.

शेजारच्या मळ्यातल्या सावळारामानं वाकून बाजेखाली पाहिलं आणि भल्या माणसासारखा वंशाचा विषय वाढवला नाही. एवढंच म्हणाला की कळसला त्याच्या मेव्हण्याच्या वस्तीवर असंच एक कुत्रं होतं. आधी पाय चाटायला लागलं, मग लाळ गाळायला लागलं, आणि मग पिसाळून गाभण म्हशीला चावलं. म्हैस गेली. इथं तर वस्तीवर लहान पोरं खेळतात. चार माणसांनी बसून ठरवलं होतं. उद्या बारामतीच्या बाजारातून येताना तो कुचल्याचं विष आणणार होता. ते भाकरीत घालायचं.

"आबा, तुमी बघू नका. आमी लांब वगळीच्या घळीत नेऊन घालू," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, हेच वाईट होतं. ओटा सारवत बसलेल्या सारजाचा शेणात बुडालेला हात तसाच थांबला.

सारजा ही आबाजीची सून. ती लग्न होऊन सुप्याकडच्या माळावर आली तेव्हा घरात मेंढरं होती आणि सासू होती. पुढं सासू गेली, मेंढरं विकली, आणि सारजाच्या नवऱ्यानं, बिरदेवानं, बारामतीजवळ कालव्याखालचा मळा बटईनं धरला. मळा कसला, उसात लपवलेला चिखल. आबाजीनं आल्या दिवशीच सांगून टाकलं की पाण्यात उभं राहून पोट भरायचं ते बगळ्यानं, धनगरानं नव्हे. तेव्हापासून तो पहाटे जमादारला घेऊन बांधावर बसायला जाई आणि उन्हं चढल्यावर परत येई. आपण मळ्यात पाऊल टाकत नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगे.

सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. सासू होती तोवर तिच्यामार्फत भागत होतं. ती गेल्यावर दोघांची पंचाईत झाली. बिरदेव सदा पाण्याच्या पाळीवर. घरात ही दोघं आणि मधे चूल. मग एके दिवशी सारजा कुत्र्याकडं बघून म्हणाली, "जमादार, भाकरी झाली म्हणावं." बाजेवरून उत्तर आलं, "जमादार, हात धुतो म्हणावं."

झालं. तेव्हापासून घरचा सगळा कारभार जमादारच्या हातात गेला. आमटी अळणी झाली की आधी त्याला कळे. सारजाच्या भावाला मुलगा झाल्याची बातमी आबाजीनं बाजारातून आणली तीही त्यालाच सांगितली, आणि तोंड गोड करायला सारजानं गुळाचा खडा दिला तोही त्यालाच. कालव्याच्या गोऱ्या साहेबाला पगार मोजूनही इतका बिनबोभाट दुभाषी मिळाला नसेल. जमादार निरोपात स्वतःचं काही घालत नसे.

आणि त्याला उद्या विष घालणार होते.

आबाजीनं कारभार हाती घेतला. मेंढरू लंगडलं की चुना-गुळाचा लेप, एवढं एकच औषध त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या मते तेवढं पुरेसं होतं. गुऱ्हाळातला पिवळाधमक गूळ चुन्यात कालवून त्यानं चारी पायांना थापला. जमादारनं गूळ संपवला, चुना तेवढा ठेवला, आणि मोठ्या आशेनं पाय पुन्हा पुढं केले. बरं होण्याची घाई त्याला मुळीच दिसत नव्हती.

संध्याकाळी बिरदेव आला. त्यानं बैलाचं मुसकं आवळून कुत्र्याच्या तोंडाला बांधलं आणि तो पाळीवर निघून गेला. चाटणं थांबलं. पण आबाजी जेवायला बसला आणि घरात कोणी बोलेना. सारजानं तोंड उघडलं, मुसक्याकडं पाहिलं आणि मिटलं. ज्याचं तोंड बांधलंय त्याच्याजवळ निरोप द्यायचा कसा? आबाजीनं अळणी कालवण मुकाट्यानं खाल्लं. मधेच त्याला ठसका लागला. पाण्याचा तांब्या सारजाच्या हाताशी होता. दोघांनीही कुत्र्याकडं पाहिलं. कुत्र्यानं दोघांकडं पाहिलं. शेवटी आबाजी खोकत खोकत स्वतःच उठला.

सकाळी तिनं मुसकं सोडलं. जमादारचा पंजा मांडीवर घेऊन बोटं फाकवली. बेचक्यांत कातडी पांढरी पडून फुगली होती, चिरली होती. ती थोडा वेळ बघत राहिली, मग आपला पाय लुगड्याबाहेर काढून तिनं शेजारी ठेवला. बोटांमधलं कातडं तसंच, वासही तसाच. उसाला पाणी पाजणाऱ्या वस्तीवरच्या प्रत्येकाच्या पायाला पावसाळ्यात हे व्हायचं, आणि त्यावरून आजवर कुणी कुणाला भाकरीतून विष घातलं नव्हतं.

"जमादार," ती म्हणाली, "आबांना सांग, तू पिसाळला न्हाईस. तुला चिखल्या झाल्यात."



"जमादार, मग लाव म्हणावं काय लावायचं ते," आबाजी म्हणाला, आणि पाय धोतरात आखडून घेऊन आभाळाकडं बघत बसला.

विहिरीच्या कडेला मेंदी होती. सारजानं पाला ओरबाडून आणला, पाट्यावर बारीक वाटला, बेचक्यांत भरला आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. जमादारनं एकदा जीभ लावून पाहिली. मेंदी कडू निघाली. सरकारी हुकूम ऐकावा तसा त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली टाकली. कोरड्या जागेवर ठेवायला हवं, असं तिनं त्याला सांगितलं, तेव्हा आबाजीनं काही न बोलता बाजेवर आपलं घोंगडं अंथरलं आणि त्याला उचलून वर घेतलं.

बाजार उरकून सावळाराम आला तेव्हा चिंध्या नुकत्याच सोडल्या होत्या. सारजा दुसऱ्या लेपाची वाटी घेऊन बसली होती. सावळारामाच्या मागं वस्तीवरची दोन माणसं होती, काठ्या घेऊन. सावळाराम अंगणात थांबला. बाजेवर घोंगडं, घोंगड्यावर लालभडक पंजे पुढं करून बसलेला जमादार.

"आबा," तो म्हणाला, "कुठलं स्थळ आलं?"

आबाजीचा हात कुत्र्याच्या मानेवर होता, तो हलला नाही. सारजानं पदर पुढं ओढला, परातभर पाणी आणून बाजेवर ठेवलं.

"जमादार, सावळारामतात्यांना म्हणावं, पिसाळल्यालं जनावर पाण्याला भितं. पी बरं."

जमादारनं आयुष्यात पहिल्यांदाच निरोप स्वतः पोचवला. तो परातीचा तळ दिसेपर्यंत प्यायला. मग सावळारामाच्या हातातल्या फडक्याकडं नाक करून त्यानं शेपूट हलवली. आत विषाची भाकरी होती. सावळारामानं ते फडकं दचकून डोक्याच्या वर धरलं, तशी मागची दोघं हसायला लागली.

तसाच हात वर धरून तो म्हणाला की मेंदी लावल्या जिवाला विष घालायचं म्हणजे वाईटच, चार दिवस बघू. त्यानं कुदळ मागून घेतली आणि बांधापलीकडं हातभर खड्डा करून भाकरी पुरली. जाताना तो जमादारपासून जरा लांबूनच गेला, पण त्याला राम राम घालून गेला.

अंगणात पुन्हा तिघं राहिली. जमादारनं आबाजीच्या मांडीवर डोकं टाकलं आणि तो घोरायला लागला. सारजानं घोरणाऱ्याच्याच पायांना लेप दिला, चिंध्या बांधल्या आणि वाटी उचलली.

आबाजी खाकरला. त्यानं कुत्र्याचा कान हलवून पाहिला. कुत्रं उठलं नाही. त्यानं छपराच्या मेढीकडं पाहिलं, उसाकडं पाहिलं. मग धोतरात आखडलेले पाय हळूहळू बाजेच्या कडेला आणले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. बांधावर नुसतं बसून राहणाऱ्याला चिखल्या होत नाहीत. सारजा त्या पायांकडं बघत राहिली आणि वाटी घेऊन पुन्हा खाली बसली.

"पोरी," आबाजी थेट तिलाच म्हणाला, "उरलं आसंल तर हितंबी जरा लाव. पर रंगणार न्हाय आसं बघ."