लक्ष्मणरावांच्या अंगणातला बंब

मित्रांनो, तुमच्या घरी बटण दाबलं की आंघोळीचं पाणी तापत असेल. मी मात्र पोटात विस्तव घेऊन पाणी तापवणारा तांब्याचा बंब आहे. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि पवनीजवळच्या खेड्यात लक्ष्मणरावांच्या अंगणात मी आलो.

लक्ष्मणराव धानाचे शेतकरी. रोज पहाटे ते माझी राख काढत, पाणी भरत, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवत आणि माझ्या उबेला बसून चहा पीत. पाहुणे म्हणत, "असं कढत पाणी आमच्याकडे नाही जी!" मला केवढा अभिमान वाटे!

मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. त्यांना त्रास नको म्हणून मुलाने, प्रितमने, गिझर बसवला. मी गुरांच्या कोठ्यात गेलो. अंगावर हिरवट थर चढला. केशरबाई, लक्ष्मणरावांची बायको, गाईला चारा टाकताना तिच्याशीच बोलायच्या, "दिवस निघाला तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहतेत. हाताचा व्यायाम करा म्हटलं तर आयकत नाहीत."

एके सकाळी सून कामिनी आली. तिने मला चिंचेने घासलं, अंगणात नेलं आणि माचिस ओढली. नुसता धूर! तिने सासऱ्यांच्या खिडकीशी जाऊन हाक मारली, "मामाजी, हा पेटूनच नाही राहिला!"

तिने आणखी तुराट्या कोंबल्या. धूर वाढला. मग दारात काठी वाजली. केशरबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन लक्ष्मणराव उभे होते.

"रा... राख काढ आधी," ते अडखळत म्हणाले. "उभ्या टाक. आडव्या... कायले टाकून राहिली?"

किती दिवसांनी ते एवढं बोलले! कामिनीने खुर्ची ठेवली. डाव्या हाताने त्यांनी एकेक तुराटी आत सोडली. पाणी तापायला नऊ वाजले. प्रितमला कामावर जायला उशीर झाला, पण त्याने गिझर लावला नाही.

याला दोन महिने झाले. लक्ष्मणराव आता रोज पहाटे उठतात. परवा उजव्या हाताच्या दोन बोटांत त्यांनी तुराटी धरली. ती पडली. त्यांनी पुन्हा उचलली.

मित्रांनो, घरातल्या आजारी माणसाची सेवा जरूर करा, पण त्याचं सगळंच काम काढून घेऊ नका. सकाळचं एखादं लहानसं काम त्याच्या हाती राहू द्या. वेळ लागला तर थोडं थांबा.