सावकाश बोटांसाठी

वाचनालयाच्या चौकशीच्या टेबलाला दिवसभर तेच ते प्रश्न विचारले जात. नवी मासिकं आली का? पेन्शनचा अर्ज कुठे मिळेल? प्रसाधनगृह कुठल्या बाजूला? तिथल्या लिपिकाला उत्तरं पाठ होती आणि पाठ झालेली उत्तरं माणूस जशी देतो तशीच तो देई, मान वर न करता. तक्रारींचा पाऊस पडला. लिपिकाने दुसरीकडे बदली मागून घेतली आणि कार्यवाहांनी फर्मान काढलं, "आता माणूसच नको! दारात टॅब बसवा. बोट लावा, उत्तर घ्या, पुढे चला!"

टॅब निवडायचं काम अर्थातच ग्रंथपालाच्या गळ्यात पडलं. त्याला नव्या वस्तूंची हौस होती. विक्रेत्याने केबिनमध्ये आणलेला टॅब इतका सडपातळ आणि चकचकीत होता, की ग्रंथपालाने आधी त्यात स्वतःचे केसच नीट केले. बोट टेकतं न टेकतं तोच पान उघडे.

"आणि कुणी रेंगाळलं, तर स्क्रीन आपोआप पहिल्या पानावर जाते," विक्रेता म्हणाला. "रांग म्हणून लागायची नाही, साहेब!"

ग्रंथपाल खूश झाला. एक टॅब नमुन्यादाखल दारातल्या उंच स्टँडवर लागला. कार्यवाहांनी त्याच्यासोबत फोटोही काढून घेतला.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे पूर्वीच्या ग्रंथपाल. मोठी केबिन असूनही त्यांनी सगळी नोकरी त्या चौकशीच्या टेबलावर काढली होती. "केबिनमध्ये कोण येतंय विचारायला?" म्हणायच्या.

आजचा ग्रंथपाल लहानपणी बोलताना अडखळायचा. शाळेत त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत वर्ग हसायचा, घरी सगळे प्रेमानेच त्याचा शब्द पुरा करून टाकायचे. पुस्तक मागायला तो पहिल्यांदा या टेबलापाशी आला, तेव्हा पहिल्याच अक्षरावर गाडी अडली. मागे माणसं उभी होती. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं, पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. मदत केली नाही, घाई केली नाही. मागच्या माणसाने घसा खाकरला, तेव्हा फक्त म्हणाल्या, "त्याचं चाललंय." आपला शब्द आपणच पुरा करण्याचं सुख त्या मुलाला त्या दिवशी कळलं. पुढे तो वाचनालयातच नोकरीला लागला, त्याचं मूळ तिथेच होतं. किती साधे दिवस होते ते!

त्याच बाई आता टॅबसमोर उभ्या होत्या. वयाने हात थरथरत होता. एकदा टेकवलेलं बोट टॅबला तीनदा टेकल्यासारखं वाटे आणि भलतंच पान उघडे. त्या चष्मा सावरून वाचायला लागल्या, की स्क्रीन मागे जाई. त्यांच्यामागे चार माणसं जमली.

"आजी, आटपा ना लवकर! आम्हालाही कामं आहेत," एकजण म्हणाला.

बाई हसून बाजूला झाल्या. "या, तुम्ही या पुढे." ग्रंथपालाने हे केबिनच्या काचेतून पाहिलं. कानाला लावलेला फोन ठेवून तो धावत बाहेर आला, तोवर त्या पायऱ्या उतरून गेल्याही होत्या.

त्यानंतर बाई आल्याच नाहीत. खिडकीजवळची त्यांची रोजची वाचायची जागा रिकामी राहू लागली. ग्रंथपालाच्या जिवाला चैन पडेना. शेवटी एका संध्याकाळी तो त्यांच्या घरी गेला.

दार सुनेने उघडलं. "बरं झालं आलात. वाचनालयात चला म्हटलं की आई म्हणतात, डोळे दुखतात. आणि घरी पेपर अक्षरशः कोळून पितात!"

"सूनबाई, चहा टाक आणि माझं बिंग फोडणं थांबव," आतून आवाज आला.

ग्रंथपाल खुर्चीच्या कडेवर टेकला. "बाई, तुम्ही टॅबवर रागावलात ना?"

"यंत्रावर कसला राग? कार्डांची कपाटं जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच शिकले होते. पण मला सांग, हा टॅब निवडताना तो कुणाच्या बोटांनी चालवून पाहिलास?"

"माझ्याच."

"मग तो तू तुझ्यासाठी घेतलास, रे!"

ग्रंथपाल वरमला. तरी म्हणाला, "पण बाई, मागे रांग असते. लोक चिडतात."

"रांग माझ्या वेळीही होती. लोक तेव्हाही घाईतच असायचे. थांबायचं असतं, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. मी सांगत होते. तुझं यंत्र त्यांना उलटं शिकवतं, की सावकाश माणूस म्हणजे अडचण." बाईंचा आवाज जरा ओला झाला. "खरं सांगू? उत्तर मिळालं नाही त्याचं मला काही वाटलं नाही. माझ्याच वाचनालयात मी लोकांच्या वाटेत आले, ते लागलं. सार्वजनिक म्हणजे सगळ्यात सावकाश माणसाचंसुद्धा. ते जमत नसेल तर दारावरची पाटी बदला!"

चहा निवून गेला. परत येताना ग्रंथपालाला बाईंच्या वेळची वाचनकक्षाच्या खुर्च्यांची खरेदी आठवली. वाचनालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षांना कोरीव पाठीची खुर्ची हवी होती. बाईंनी वाद घातला नाही. सुताराकडून चार नमुने मागवले, वाचनकक्षात ठेवले आणि गंमत पाहत बसल्या. कोरीव खुर्चीवर लोक ओल्या छत्र्या ठेवू लागले, तेव्हा अध्यक्षच म्हणाले, "साधीच घ्या!"

ग्रंथपालाने तेच केलं. विक्रेत्याकडून आणखी दोन टॅब मागवले. त्यांतला एक जाड कडांचा, मोठ्या अक्षरांचा होता. बोट नीट दाबून उचललं तरच तो मानायचा आणि वाचणाऱ्याने सांगितल्याशिवाय पान मागे न्यायचा नाही. तिन्ही टॅब बसक्या टेबलावर ठेवले, पुढे खुर्च्या मांडल्या.

"अहो, ही काय शाळेतली पाटी आणलीत!" जाड टॅब पाहून कार्यवाह कडाडले. "पाहुण्यांना काय दाखवायचं? लोक हसतील आपल्याला!"

"साहेब, थोडे दिवस बघू या. मग तुम्ही म्हणाल तसं."

पहिले दोन दिवस चकचकीत टॅबभोवती झुंबड उडाली. मग हळूहळू माणसं त्या 'पाटी'कडे सरकली. कडेवर मूल घेतलेली आई, सिमेंटच्या कामाने बोटं खरखरीत झालेला गवंडी, अक्षर अक्षर जोडत वाचायला नुकती शिकलेली एक मावशी. कार्यवाह येता-जाता पाहत होते आणि नाक मुरडत होते.

शनिवारी ग्रंथपालाने बाईंना जवळजवळ हाताला धरूनच आणलं. योगायोगाने कार्यवाहही तिथेच उभे होते. बाई बसल्या. थरथरतं बोट टेकवलं. पान उघडलं आणि उघडंच राहिलं. त्या रमतगमत वाचू लागल्या.

मागे उभ्या तरुणाने घड्याळ पाहिलं. "आजी, अजून किती वेळ?"

बाईंचा हात चटकन मागे आला. त्या उठू लागल्या. ग्रंथपाल पुढे झाला, पण त्याच्याआधी दुसराच आवाज आला.

"बसा, बाई! कुठेही जायचं नाही!" कार्यवाह होते. चेहरा लाल झाला होता. ते तरुणाकडे वळले. "थांबा जरा. त्यांचं वाचून होऊ दे." मग आवाज खाली आला. "मागे बँकेच्या मशीनसमोर मला काही समजेना. मागून असंच कुणीतरी वैतागून बोललं. मी तसाच परत आलो आणि घरी सांगितलं, मशीन बंद होतं! बायकोला आजही खरं ठाऊक नाही."

कुणीच हसलं नाही. तरुण ओशाळला. "सॉरी, आजी. सावकाश वाचा," म्हणत त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि बसला.

"हाच टॅब घ्या," कार्यवाह ग्रंथपालाला म्हणाले. "आणि या टेबलाशी एक माणूसही बसू दे. मान वर करून बोलणारा!"

वाचकहो, नवी यंत्रं येणारच आणि ती यावीतही. पण दुकानात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही ती बसवताना ती किती पळतात एवढंच पाहू नका, कुणासाठी किती थांबतात तेही पाहा. आणि रांगेत आपल्यापुढे कुणी चाचपडत असेल, तर जीभ आवरा. एवढं थांबणं कुणालाही परवडतं, आणि त्याने एक माणूस मान खाली घालून घरी जायचा वाचतो.